काल्याच्या दिवशी दोनदा भैरवी

दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलवर ताना घेऊ नयेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वीस वर्षांचा होतो, घसा असा खणखणीत की आमच्या ज्वारीवरची पाखरं गोफण न फिरवताच उडायची. रोज पहाटे कुरुळीहून दूध घेऊन निघायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशी, मग चिखलीच्या अंगानं पिंपरी आणि चिंचवड. रस्त्याला बैलगाड्या, कधीमधी धुरळा उडवत जाणारी एस.टी. आणि मी. आज तिथं कंपन्यांच्या भिंती संपता संपत नाहीत. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी गायलो की ऐकायला नुसत्या बाभळी होत्या, आणि त्यांची कधी तक्रार आली नाही.

तक्रार आली ती चिंचवडच्या एका बाईंची. पन्नाशीच्या, एकट्या राहायच्या, शाळेत मुलींना गाणं शिकवायच्या. त्यांच्या दारात मी शेरभर दूध मापत होतो आणि अर्थातच गात होतो. बाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दुधात पाणी घालतोस ते मी चालवून घेते रे, पण सुरात कशाला घालतोस?"

असा संताप आला म्हणता! "आमच्या अण्णांचं भजन हाय ते," मी म्हणालो. "सारं गाव मान डोलावतं."

"मग म्हण परत."

मी उंबऱ्यावर बसून म्हटलं, जीव तोडून म्हटलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "यात सम कुठं आहे?" मी विचारलं, "काय कुठं आहे?" बाई हसायला लागल्या, पण हसता हसता आत जाऊन कोरी वही घेऊन आल्या. फी काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तुझं तू ठरव. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुधात पाण्याचा थेंब गेला नाही. आधी किती जात होतं ते विचारू नका.

त्या वहीत बाईंनी पाच रकाने आखले होते. ताल, लय, सूर, शब्द आणि शेवटचा 'कशासाठी'. त्यांची रीतच वेगळी होती. म्हणाल्या, "नुसती रागदारी घोकायची असेल तर पुण्यात जा. माझ्याकडे दर आठवड्याला एका वेगळ्या जातीचं गाणं आणायचं. ते उसवायचं, टाके मोजायचे, आणि परत शिवून मला म्हणून दाखवायचं." मला वाटलं, त्यात काय एवढं! माझ्यासारखा शहाणा मीच.

घरी सांगितलं ते अण्णांनी पेटी पुसता पुसता ऐकलं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळाचे बुवा. माझ्या जन्माच्या आधीपासून मंडळाची पेटी त्यांच्या मांडीवर होती. पण दोन वर्षं त्यांचा घसा बसत चालला होता. चाकणच्या डॉक्टरांनी गाणं सोडा म्हणून सांगितलं होतं, आणि अण्णांनी ठरवलं होतं की येत्या सप्त्याला, काल्याच्या दिवशी, देवासमोर एक शेवटचा अभंग म्हणायचा आणि मग पेटीला हात लावायचा नाही. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पण सगळ्या घराला ते जेवताना सुद्धा आठवत होतं. त्या रात्री मला म्हणाले, "एक वरीस शीक. काल्याच्या दिशी माझ्या आधी तू म्हणायचं, गावासमोर. नीट म्हणलास तर पुढं शीक. चुकलास तर ती वही चुलीत आन औत हातात."

अण्णांनी एकदा बोललेलं फिरत नसे. मी मोठ्या ऐटीत "व्हय" म्हणून टाकलं.

आणि काय वर्ष गेलं ते! मला कसलं वेड लागलं होतं ते आता सांगूनही खरं वाटणार नाही. म्हशीच्या पाठीवर ठेका धरायचा, ती शेपटी मारायची ती नेमकी 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर. मी ते बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, म्हैस तुझ्यापेक्षा पुढे आहे. एकदा चिखलीच्या उतारावर सोळा मात्रा मोजत होतो. तेराव्या मात्रेला सायकल चारीत गेली, पण मी समेवर, फिरून पहिल्या मात्रेवर, येऊनच उठलो. दूध सगळं सांडलं होतं. घरी आत्यानं काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही आत्या अण्णांची थोरली बहीण. आमच्यातच राहायची, आणि गावात कुठंही मोठा स्वयंपाक असला की चुलवणाचा ताबा तिच्याकडे. पहिलं गाणं मी तिच्याकडूनच घेतलं, जात्यावरची ओवी. ती दळतेय, मी शेजारी मांडी घालून बोटांवर मात्रा मोजतोय. दर वेळी आकडा वेगळा. कधी आठ, कधी दहा, मध्येच काही नाहीच. "आत्या, तू तालात म्हण की!" असं म्हणायची मला अवदसा आठवली.

"मोजतोस काय मेल्या? दळ!" तिनं खुंटा माझ्या हातात दिला.

पायलीभर दळलं तेव्हा हाताला फोड आले आणि डोक्यात उजेड पडला. ओवीचा ताल तोंडात नव्हताच, खांद्यात होता. दाणे टाकायला हात थांबतो तिथं ओवी श्वास घेते, आणि जातं पुन्हा जड लागलं की शब्द लांबतो. पाचव्या रकान्यात मी लिहिलं, 'जातं हलकं व्हावं म्हणून.' बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला पहिल्यांदा चहा दिला. कपात दिला, बशीत नाही. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

मग मी सुटलोच. चिंचवड स्टेशनापुढं रुळांचं काम चालायचं. म्होरक्या ओळ टाकायचा, बाकीचे 'हय्या' म्हणत पहारी रेटायचे. मी चार दिवस त्यांच्यात उभा राहून पहार रेटली आणि बाईंना येऊन सांगितलं की सम सापडली, रूळ जिथं सरकतो तिथं! पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहायची. तिथला एक मिठाईवाला माझं दूध आटवताना एका हातानं उलथनं फिरवायचा, दुसऱ्या हातातल्या अंगठीनं माठावर ठेका धरायचा आणि गायचा. एक अक्षर कळत नव्हतं, पण मला रडू यायचं. मी ते गाणं जसंच्या तसं उचललं. 'कशासाठी'खाली लिहिलं, 'खवा लागू नये म्हणून.' बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग तांबड्या शाईनं त्याला गोल केला आणि म्हणाल्या, "अर्धं बरोबर. तो घर कुठं सोडून आलाय ते विचारलंस कधी?"

मी विचारलं नव्हतं. मला सुरांचीच घाई. चाकणच्या बाजारात तमाशाची कनात लागली, तेव्हा कांद्याची गाडी सोडायला जातो म्हणून गेलो आणि लावणी उसवून आणली. ढोलकी कुठं तोडते, नाचणारी कुठं मुरडते, ओळ कुठं अर्धी सोडते, सगळं टिपलं. पाचवा रकाना कोरा. बाई म्हणाल्या, "लिही की! शिट्ट्या मारायला गेला होतास ना?" माझे कान लाल झाले आणि बाई पुन्हा हसत सुटल्या.

पण हळूहळू तो रकाना कोराच राहायला लागला. ख्याल आला, नाटकातलं पद आलं, हॉटेलातल्या रेडिओवरचं गाणं आलं. बाकीचे चार रकाने माझे असे ठासून भरलेले, की बघतच राहावं. पाचव्यात काही नाही. बाई विचारायच्या, मी म्हणायचो, "गाणं म्हणायसाठीच असतंय की, आणखी कशासाठी?" बाई कोऱ्या जागी तांबडा गोल काढून वही परत द्यायच्या.

शेवटी भैरवी शिकवली. तिच्यावर तर मी जीवच टाकला. रे, ग, ध, नी चारही कोमल, उतरलेले. त्यातला रिषभ तर मी महिनाभर घासला, सायकलवर, गोठ्यात, विहिरीत डोकावून. तो बरोबर लागला की अंगावर काटा यायचा, माझ्याच. वहीत लिहिलं : भैरवी, भजनी ठेका, लय मध्यम, वेळ सकाळची. कशासाठी, कोरं.

सप्ता बसला. सात दिवस अखंड भजन आणि आठव्या दिवशी काला, म्हणजे शेवटचं भजन आणि गावजेवण. अण्णांनी पहिल्या दिवसापासून मौन धरलं. त्या एका अभंगासाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून आठ दिवस एक शब्द नाही. सगळं घर खुणांवर चाललेलं. एक टाळ वाजला की पाणी, दोन वाजले की चहा, आणि टाळ आपटला की आत्या जास्त बोलतेय. आत्या म्हणायची, "जन्मभर बोलत होता तवा कोण ऐकत होतं? आता टाळाचं ऐकतेय!" पण रोज रात्री त्यांच्या घशासाठी ज्येष्ठमध उगाळायची तीच.

आता मी काय केलं ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्याकडे भैरवी म्हणजे शेवट. भैरवी झाली की भजन मिटलं. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही, मग तो कितीही मोठा बुवा असो. एवढंच काय, देवळामागं चुलवणावर बसलेल्या बायकांना घड्याळ नसायचं, भैरवीच त्यांचं घड्याळ. ती कानावर पडली की पत्रावळ्या मांडायला घ्यायच्या. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. दर वर्षी भैरवी ऐकून जेवायला पळणाऱ्या पोरांत सगळ्यांत पुढं मीच असायचो.

आणि काल्याच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, अख्ख्या कुरुळीसमोर, अण्णांच्या आधी, मी भैरवी लावली.

का, तर वहीत लिहिलं होतं, वेळ सकाळची! आणि माझ्याकडचा सगळ्यांत चांगला माल तोच होता! वर्षभर गाणी उसवून डोकं असं भरलं होतं की जन्मभर कानावर पडलेली गोष्ट त्यात मावलीच नाही. सुरुवात केली तसे पखवाजावरचे म्हातारे डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, दिपले. अण्णांनी पेटीवरचा एक हात उचलून जोरजोरात हलवला. मला वाटलं, वरचा सूर घे म्हणतायत. घेतला! अण्णांनी दोन्ही हात हलवले. मी आणखी वर गेलो. बोलता येत असूनही ते बोलले नाहीत, आठ दिवस साठवलेला आवाज त्यांना माझ्यावर ओरडण्यात घालवायचा नव्हता. मला वाटलं, बाप खूश झाला. आणि खोटं कशाला सांगू, तशी भैरवी मी त्याआधी कधी म्हटली नव्हती. रिषभ असा लागला की माझे मलाच डोळे भरून आले.

देवळामागून पत्रावळ्यांची सळसळ ऐकू आली तेव्हा माझा शेवटचा आलाप चालला होता.

गजर झाला. माणसं उठली. टाळ पिशव्यांत गेले, पोरं दाराकडं पळाली, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "लवकर उरकलंस गड्या, भूक लागलीच होती." मी वळून अण्णांकडं पाहिलं. त्यांनी पेटीचा भाता दाबून बसवला, कडी लावली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून बसून राहिले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.  आठ दिवस मुक्यानं काढलेला, वर्षभर राखलेला तो एक अभंग मी खाऊन बसलो होतो.

पखवाजवाले म्हातारे म्हणाले, "बुवा, तुमचं राहिलं की."

अण्णांनी मान हलवली. भैरवीवर कोण गातं?

बायकांच्या बाजूला खांबाशी चिंचवडच्या बाई बसल्या होत्या. अण्णांनीच निरोप धाडून बोलावलं होतं, सकाळच्या एस.टी.नं आल्या होत्या. त्या उठल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "बुवा, पेटी उघडा. भैरवी झालेलीच नाही."

सगळे होते तिथं थांबले.

"भैरवीत रिषभ कोमल लागतो," बाई म्हणाल्या. "तो चढला की भैरवी राहत नाही, आसावरीच्या घरात जाते. याचा रिषभ चढा होता की नाही, ते यालाच विचारा. वर्षभर हेच शिकलाय."

आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. डोळा नाही मिचकावला, मान नाही हलवली, काही नाही.

माझा रिषभ चढा नव्हता. ते मला जितकं ठाऊक होतं तितकंच बाईंनाही ठाऊक होतं. माझ्या उभ्या आयुष्यात इतका नेमका रिषभ लागला नव्हता आणि तो चुकला म्हणून मी आता गावासमोर सांगायचं. सांगितलं की वही चुलीत. बाई, पाच रकाने, कपातला चहा, सगळं चुलीत. नाही सांगितलं तर अण्णांचा अभंग त्यांच्या घशातच राहणार. मला बाईंचा असा राग आला त्या क्षणी! आणि अण्णा माझ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हणालो. "चुकलो. रिषभ चढा लागला."

"मला तर बरी वाटली बुवा," पखवाजवाले पुटपुटले. तेवढ्यात मागच्या दारातून आत्या डाव घेऊन आत आली. "बरं झालं चुकला! माझा भात अजून कच्चाच हाय. बसा समदी खाली!"

देऊळ हसलं, आणि माणसं पुन्हा बसली. अण्णांनी कडी काढली.

त्यांनी म्हटलेला अभंग चांगला झाला असं मी म्हणणार नाही. आवाज फाटत होता, वरच्या सुराला तर नुसती हवा आली. पण कुणी खोकलं सुद्धा नाही. तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज बसला तसा त्यांनी माझा गुडघा दाबला. मी ओळ उचलली. ते हळूच खालून पुन्हा आत आले, आणि शेवटपर्यंत आम्ही दोघं मिळून गेलो. दारात आत्या डाव हातात धरून रडत होती आणि भात करपल्याचा वास येत होता.

संपल्यावर अण्णांनी मला खूण केली, आता तू.

मी दुसऱ्यांदा भैरवी लावली. तीच, तिथूनच, तोच रिषभ, रेसभर इकडंतिकडं नाही. चुलवणाकडं पत्रावळ्या सळसळल्या आणि पुढ्यातल्या लोकांनी माना डोलावल्या. "हां! आता कशी बराबर लागली!" एक जण दुसऱ्याला म्हणाला. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. त्याच सुरांनी मघाशी लोक भुकेपोटी उठले होते आणि आता उठावंसं कुणाला वाटत नव्हतं. पाचव्या रकान्यात काय लिहायचं असतं ते मला तेव्हा कळलं, आणि नेमकं तेव्हाच लिहायला वही राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे किटल्या सायकलला बांधल्या. वही कोनाड्यात होती, तिच्याकडे पाहिलं नाही. बाईंच्या दारात दूध घालायचं आणि मुकाट्यानं पुढं जायचं, असं मनाशी घोकत होतो. सायकल बाहेर काढली तर अण्णा अंगणात उभे. हातात वही. त्यांनी ती कॅरियरला ठेवली आणि सुतळीनं घट्ट बांधायला लागले.

"अण्णा, मी चुकलो की काल," मी म्हणालो. "तुमीच म्हणाला होता, चुकलास तर—"

अण्णांनी गाठ मारली, ओढून बघितली. आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता, म्हणून मला खाली वाकावं लागलं.

"आवाज गेलाय माझा," ते म्हणाले. "कान न्हाई."